हुर्यो, आणि मोज्यांचे दोन जोड

मराठीत 'हुर्यो' हा मोठा बोलका शब्द आहे. नुसता उच्चारला तरी पाच-पन्नास माणसांचा आवाज कानात येतो. आमच्या कोल्हापुरात त्याचे शिक्षण शाळेत जायच्या आधीच मिळते. खासबागेत दोन मल्ल नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले, डाव कुणीच टाकेना, की वरच्या कठड्यावरून सुरुवात होते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असेल तर पेठापेठांची ईर्ष्या. पाटाकडील असो, शिवाजी असो, खंडोबा असो, समोरच्या गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्याशिवाय सामना संपत नाही. यात मौज असते हे मी नाकारत नाही. चाळीस वर्षे मास्तरकी केली तरी माणूस कोल्हापूरचाच राहतो!

गेल्या दिवाळीत घरी जमलेल्या पोरांत यावरून वाद झाला. विषय होता हार्दिक पांड्या. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी त्याला मुंबईचा कर्णधार केले म्हणून वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. १ एप्रिलच्या सामन्यात नाणेफेकीला उभ्या असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना 'नीट वागा' असे सांगावे लागले. पुढे ४ जुलैला विश्वचषक घेऊन संघ त्याच मैदानावर आला तेव्हा तेच लोक 'हार्दिक, हार्दिक' म्हणून ओरडत होते. धाकट्या नातवाचे म्हणणे, "आजोबा, पब्लिक असंच असतं, मनावर घ्यायचं नाही." बरोबर आहे. ही हुर्यो खेळावरची, फार तर रागाची. तीन महिन्यांत तिचा जयजयकार होऊ शकतो.

पण हुर्योचा दुसराही एक प्रकार आहे. खेळाडूवर मैदानाबाहेरच्या एखाद्या गुन्ह्याचा आळ येतो, आणि मग लोक त्याच्या खेळावर नाही, त्या आळावर ओरडतात. या हुर्योचा जयजयकार सहसा होत नाही. पोरांना मी सुधीर नाईकांची गोष्ट सांगितली. एकालाही नाव ठाऊक नव्हते. म्हणून म्हटले, इथे सविस्तर लिहून ठेवावी.

मंडळी, साल १९७४. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला होता. याच वाडेकरांनी १९७१ मध्ये आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले होते. त्या विजयाचे स्मारक म्हणून इंदूरला सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली. तेव्हा अपेक्षा किती असतील पाहा. झाले भलतेच. तिन्ही कसोटी हरलो. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात १७ षटकांत ४२ धावांत सगळे बाद. त्यातल्या १८ एकट्या एकनाथ सोलकरच्या, आणि तो नाबाद. रेडिओवर ऐकताना आम्हाला वाटले, आकडा ऐकण्यात चूक झाली.

त्यात मैदानाबाहेरही नाचक्की. लंडनमधले आपले उच्चायुक्त ब्रजकुमार नेहरू यांच्याकडच्या स्वागत समारंभाला संघ उशिरा पोहोचला आणि त्यांनी सगळ्यांना दारातूनच परत लावले. आणि त्याच दौऱ्यात ती बातमी आली: भारतीय संघातला एक खेळाडू लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्क्स अँड स्पेन्सर दुकानात चोरी करताना पकडला गेला. चोरी कशाची? मोज्यांच्या दोन जोडांची.

हा खेळाडू म्हणजे सुधीर नाईक. मुंबईकर, सलामीचा फलंदाज, वय २९. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेला. १९७०-७१ च्या मोसमात मुंबईचे सगळे मोठे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना याच नाईकांनी उरलेल्या पोरांना घेऊन रणजी करंडक जिंकून दिला होता. अंतिम सामन्यात समोर आपलाच महाराष्ट्राचा संघ होता. (आम्ही कोल्हापूरकर त्यामुळे त्यांच्यावर थोडे रुसलेलेच होतो. असो.) पुढे बडोद्याविरुद्ध नाबाद द्विशतक केले, तेव्हा कुठे भारतीय संघात नाव आले. म्हणजे माणूस वशिल्याने आलेला नव्हता, रांगेत उभा राहून आलेला होता.

नाईकांचे म्हणणे साधे होते. दुकानात बरीच खरेदी केली, त्यात दोन जोड बिलात यायचे राहून गेले. तुम्ही-आम्ही मोठ्या दुकानात गेलो की हे होऊ शकते, आणि १९७४ मध्ये पहिल्यांदाच परदेशी गेलेल्या माणसाचे तर जरूर होऊ शकते. आपल्याकडे तेव्हा दुकानदार गादीवर बसलेला आणि माल त्याच्या पाठीमागे. गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलत हिंडायचे, ही रीतच नवी.

इथे त्यांनी भांडायला हवे होते. वकील द्यायचा, कोर्टात उभे राहायचे, खरेदी दाखवायची. तसे झाले नाही. प्रकरण वाढू नये, गाजावाजा होऊ नये म्हणून त्यांना गुन्हा कबूल करण्याचा सल्ला दिला गेला, आणि त्यांनी तो मानला. सुनील गावसकरांनी १९७६ मध्ये आलेल्या 'सनी डेज' या आत्मचरित्रात या प्रकरणी नाईकांची बाजू घेतली आहे. आपल्या सहकाऱ्याला नीट कायदेशीर मदत मिळाली नाही, त्याला कबुली द्यायला लावले, याबद्दलची चीड त्यात आहे. गावसकर तेव्हा ऐन भरात होते, मंडळाशी पंगा घेऊन त्यांना फायदा काहीच नव्हता. तरी लिहिले, हे मला मोठे वाटते.

'मिटवून टाका' हा आपल्याकडचा फार आवडता सल्ला. भावकीचा वाद असो, शाळेतली भानगड असो, चार वडीलधारी माणसे जमतात आणि म्हणतात, मिटवून टाका. ज्याने काही केलेले नाही त्यालाच म्हणतात, तू माघार घे, तू मोठा हो. नाईकांना सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेल असे मी म्हणत नाही. परका देश, दौरा चालू, वर्तमानपत्रवाले दाराशी. पण कबुलीने प्रकरण मिटत नाही. आळ असतो तोवर 'म्हणे' असते. कबुली आली की 'म्हणे' गळून पडते.

आमच्या शाळेत शेजारच्या वर्गातली एक गोष्ट आठवते. एका मुलाची कंपासपेटी हरवली आणि संशय बाकावरच्या सोबत्यावर आला. तासभर उभा केल्यावर तो म्हणाला, मीच घेतली. का म्हणाला? शाळा सुटायची वेळ झाली होती आणि त्याला घरी जायचे होते! चार दिवसांनी पेटी चित्रकलेच्या कपाटात सापडली. पण पोरांनी त्याला 'कंपास' नाव ठेवले ते दहावीपर्यंत. त्याच्या लग्नातसुद्धा मित्र त्याला त्याच नावाने हाक मारत होते, हे मी स्वतः ऐकले. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले.

नाईकांचे तसेच झाले. त्याच दौऱ्यात बर्मिंगहॅमच्या तिसऱ्या कसोटीत त्यांनी पदार्पण केले. पहिल्या डावात ४, आणि दुसऱ्या डावात ७७. त्या डावात भारताच्या २१६ धावा झाल्या, त्यात सर्वांत जास्त नाईकांच्या. लीड्सला भारत आपला पहिलावहिला एकदिवसीय सामना खेळला, तेव्हा भारताचा पहिला चौकारही त्यांच्याच बॅटमधून गेला. हे किती जणांना ठाऊक आहे? मोजे मात्र सर्वांना ठाऊक.

संघ परत आला तेव्हा देशात वातावरण तापलेले होते. इंदूरच्या त्या सिमेंटच्या बॅटला लोकांनी काळे फासले. वाडेकरांच्या मुंबईच्या घरावर दगड पडल्याच्या बातम्या आल्या. त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले आणि त्यांनी खेळणेच सोडले. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर फुले टाकली त्यांच्यावरच दगड. आता जरा विचार करा. सबंध संघ ४२ धावांत बाद झाला, याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. राग मात्र मोठा. अशा वेळी लोकांना एखादा असा माणूस लागतो की ज्याच्याबद्दल काही बोलले तरी कुणी 'असे कसे बोलता' म्हणणार नाही. तो माणूस आयता मिळाला होता.

पुढे क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडिज संघ आला. दिल्लीच्या कसोटीत नाईकांनी ४८ केल्या. मग कलकत्ता. सामन्याचा पहिलाच चेंडू, अँडी रॉबर्ट्सचा, आणि नाईक यष्टिरक्षकाकडे झेल देऊन बाद. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती पंधरा-वीस माणसे. क्षणभर शांतता, आणि मागून एकजण म्हणाला, "मोजं घालायचं इसरला आसंल!" सगळे हॉटेल खो-खो हसले. विनोद म्हणून वाईट नव्हता, हेही कबूल करायला हवे. पण गंमत पाहा, त्याच वर्षी बर्मिंगहॅमला कसोटीच्या अगदी पहिल्या चेंडूवर खुद्द गावसकर शून्यावर बाद झाले होते. त्यांच्या नावाने असा विनोद कुणाला सुचला नाही. चेंडू तसाच, आकडा तोच. फरक मोज्यांचा.

कलकत्त्याचा तो सामना भारताने जिंकला. नाईकांना मात्र पुन्हा कसोटी मिळाली नाही. तीन कसोटी, १४१ धावा. मोज्यांमुळेच वगळले असे मी म्हणणार नाही, तेवढ्या धावांवर इतरही गेले आहेत. पण बाकीचे गेले ते फलंदाज म्हणून गेले.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात माझी पुतणी राहते. तिच्याकडून एक हकिकत समजली आणि मग मी ती मुद्दाम वाचून काढली. तिच्या घराजवळ ड्यूक नावाचे विद्यापीठ आहे. तिथे कॉलेजच्या बास्केटबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटएवढी गर्दी, आणि तिथले विद्यार्थी हुर्यो उडवण्यात पटाईत. जानेवारी १९८४ मध्ये मेरीलँडचा संघ तिथे आला. त्यांच्या एका खेळाडूवर एका विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याचा आरोप होता. कुठल्याही न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नव्हता, म्हणून नाव मी इथे देत नाही. तो मैदानात येताच विद्यार्थ्यांनी बायकांची अंतर्वस्त्रे त्याच्या दिशेने फेकली. आरोप करणाऱ्या त्या मुलीला हे पाहून काय वाटले असेल? तिच्या बाजूने म्हणून तर हे नव्हतेच. तिच्यावर गुदरलेल्या प्रसंगाचा हा तमाशाच झाला.

विद्यापीठाचे अध्यक्ष होते टेरी सॅनफर्ड, पूर्वीचे राज्याचे गव्हर्नर. त्यांनी शिक्षा केली नाही, विद्यार्थ्यांना एक पत्र लिहिले, काका पुतण्यांना लिहील तसे, आणि सही केली 'टेरीकाका'. सांगणे असे की घोषणा द्या, पण त्यात डोके दिसू दे आणि सभ्यपणा सोडू नका. पुढच्या सामन्याला पोरे डोक्यावर तारेची तेजोवलये लावून आली, देवदूतासारखी. पंचाचा निर्णय पटला नाही की शिवीऐवजी एका सुरात 'आमचे मत जरा वेगळे आहे' म्हणू लागली! मास्तर म्हणून मला या पत्राचा हेवा वाटतो. असे पत्र लिहून मुलांनी ऐकावे, हे भाग्य फार थोड्यांना लाभते.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्च २००६ मध्ये त्याच ड्यूकच्या लॅक्रॉस संघावर (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा एक खेळ) एका स्त्रीने बलात्काराचा आरोप केला. खेळाडू राहत त्या घरासमोर लोक पातेली बडवत उभे राहिले. खेळाडूंचे फोटो छापलेली पत्रके वाटली गेली. विद्यापीठाच्या ८८ अध्यापकांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. प्रशिक्षकाला जावे लागले, संघाचा मोसम रद्द झाला, तिघांवर खटला भरला. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याने आरोप मागे घेतले, आणि नुसते 'पुरावा नाही' म्हणून थांबला नाही, तिघे निर्दोष आहेत असे जाहीर केले. पुरावा दडवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या स्त्रीने स्वतःच सांगितले की आपण खोटे बोललो होतो. बावीस वर्षांपूर्वी जे विद्यापीठ ओरडत होते त्याचीच मुले आता ओरडणाऱ्यांच्या समोर उभी होती.

यावरून कुणी 'बायका खोटे आरोप करतात' असा अर्थ काढील, तर तो मला मान्य नाही. खेळातल्या मुलींना किती दिवस तोंड दाबून राहावे लागते हे आपण २०२३ मध्ये दिल्लीत रस्त्यावर बसलेल्या महिला कुस्तीगीरांकडे पाहून शिकलो. तक्रार झाली की ती नोंदवून घेतलीच पाहिजे, चौकशी झालीच पाहिजे, आणि चौकशी होईपर्यंत खेळाडूला बाहेर बसवले तर तेही मी समजू शकतो. फक्त ही कामे ज्यांची आहेत त्यांनी करावीत. गॅलरीतल्या माणसाच्या हातात ना फिर्याद असते, ना जबाब. त्याच्या हातात शेंगांची पुडी असते.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण अंकित चव्हाणचे. मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. मे २०१३ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धचा सामना संपल्यावर रात्री दिल्ली पोलिसांनी स्पॉट फिक्सिंगच्या आरोपाखाली त्याला पकडले. श्रीशांत आणि अजित चंडिला हे आणखी दोघे. काळे कापड घालून नेतानाची ती चित्रे सगळ्यांनी पाहिली. २ जूनला अंकितचे लग्न ठरले होते. त्यासाठी कोर्टाने काही दिवसांचा जामीन दिला आणि वाहिन्यांचे कॅमेरे लग्नाच्या हॉलपर्यंत गेले. त्या मुलीकडच्या लोकांनी ते दिवस कसे काढले असतील! सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सगळ्यांना दोषमुक्त केले. पोलीस त्याविरुद्ध वर गेले. मंडळाची बंदी मात्र उठली नाही. मंडळाची चौकशी आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी, पुराव्याचे मापही वेगळे, हे मला समजते. अखेर आजन्म बंदीची सात वर्षे झाली आणि जून २०२१ मध्ये अंकितला खेळायची परवानगी मिळाली. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. पस्तिशीच्या खेळाडूला परवानगी देणे म्हणजे जेवणावळ उठल्यावर पानाला बोलावणे.

आणि कुस्तीचे गाव म्हणवणाऱ्यांनी नरसिंग यादव विसरू नये. तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या ऑलिंपिकआधी उत्तेजक चाचणीत सापडला. जेवणात कुणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे. आपल्या देशातल्या यंत्रणेने १ ऑगस्टला ते मान्य केले, रिओत १८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने अमान्य केले आणि चार वर्षे बंदी घातली. कुस्तीच्या आदल्या दिवशी. लवादाचा निर्णय शेवटचा, तो मानला पाहिजे. पण पहिल्या आठवड्यापासूनच आमच्याकडच्या तालमींच्या कट्ट्यांवर निकाल लागून गेले होते, तेही दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही छातीठोक.

नाईकांकडे परत येतो. त्यांनी खेळ सोडला नाही. प्रथम श्रेणीचे ८५ सामने, सात शतके. पुढे नॅशनल क्रिकेट क्लब चालवला. श्रीरामपूरहून आलेल्या झहीर खान नावाच्या मुलाला मुंबईत त्यांनीच हाताशी धरले. मग वानखेडेची खेळपट्टी त्यांच्याकडे आली. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची खेळपट्टी नाईकांनी केलेली. श्रीलंकेच्या २७४ आणि भारताच्या ४ बाद २७७, दोन्ही तिच्यावरच. म्हणजे गोलंदाजीत झहीर त्यांचा आणि पायाखालची मातीही त्यांची. त्या रात्री हे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. खेळपट्टी चांगली असली की ती कुणी केली हे लोक विचारत नाहीत.

वाईट वाटली की विचारतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने तिथेच ४ बाद ४३८ केल्या. संघाचे संचालक रवी शास्त्री यांनी सामन्यानंतर आपल्याला अपशब्द वापरले, अशी लेखी तक्रार नाईकांनी मुंबई क्रिकेट संघटनेकडे केली. (ही नाईकांची बाजू. इतके सगळे लिहिल्यावर शास्त्रींवरचाही तो आरोपच आहे, हे मला म्हटले पाहिजे.) मला लक्षात राहिले ते एवढेच की सत्तर वर्षांच्या त्या माणसाने या वेळी 'मिटवून टाका' ऐकले नाही. कागद घेतला आणि तक्रार लिहून दिली.

५ एप्रिल २०२३ ला मुंबईत ते गेले. वय ७८. दुसऱ्या दिवशी मी दोन वर्तमानपत्रे विकत आणून वाचली. दोन्हींत मोजे होते. लीड्सचा चौकार एकातच होता, शेवटून दुसऱ्या ओळीत.